हार्ड डिस्कचा आवाज आणि खाडीकाठची हवा

लेखांक नववा

मागील लेखांकात संगणकाच्या वीजपुरवठ्याचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे हार्ड डिस्क, आणि विशेषतः तिच्यातून येऊ लागलेला अनोळखी आवाज. ज्यात कोणताही भाग फिरत नाही अशा एसएसडीला आवाजच नसतो, त्यामुळे तिचा येथे विचार नाही. तथापि जुने डेस्कटॉप, बाहेरून जोडायच्या पोर्टेबल डिस्क, तुर्भ्याच्या बाजार समितीतील गाळ्यांवर हिशेब ठेवणारे संगणक आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे सीसीटीव्ही यांतून फिरती डिस्क नवी मुंबईत अजूनही सर्वत्र आहे.

आयबीएम कंपनीने 1956 साली बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या मिनिटाला 1,200 फेरे घेत. आजच्या डेस्कटॉपमधील डिस्कची तबकडी जेमतेम 95 मिलिमीटर व्यासाची असली, तरी ती मिनिटाला 7,200 फेरे घेते. म्हणजे तिची कड ताशी सुमारे 129 किलोमीटर वेगाने धावते, आणि कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या द्रुतगती मार्गावर मोटारींनाही एवढ्या वेगाची मुभा नाही. तबकडीवरील चुंबकीय खुणा वाचणारा आणि लिहिणारा सूक्ष्म भाग, ज्याला हेड म्हणतात, तो या वेगामुळे निर्माण होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तरंगतो, आणि दोहोंमधील अंतर अवघ्या काही नॅनोमीटरांचे असते. साधा धुळीचा कण या अंतराच्या शेकडो पट मोठा असतो, एवढे लक्षात घेतले की घरी डिस्कचे झाकण उघडून आत डोकावण्याची हौस किती महागात पडते हे वेगळे सांगावे लागत नाही.

निरोगी डिस्कही आवाज करते. मोटर फिरताना संथ घरघर, हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना बारीक कुरकुर, आणि बंद होताना हेड आपल्या विसाव्याच्या जागी गेल्याची एक 'टक', हे तिन्ही आवाज स्वाभाविक होत. वीज अचानक गेली तर ही 'टक' थोडी जोरात ऐकू येते, कारण त्या क्षणी फिरत्या तबकड्यांचा उरलेला वेग वापरून मोटरच क्षणभर जनित्र बनते आणि त्या विजेवर हेड सुरक्षित जागी ओढले जाते. दिनांक 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील वीज एकाएकी गेली, तेव्हा यूपीएस नसलेल्या प्रत्येक चालू संगणकात हेच घडले असले पाहिजे. एखाद्‌दुसऱ्या वेळी ही धावपळ डिस्क सहन करते. मात्र ती रोजची झाली तर यंत्रणेची झीज लवकर होते.

चिंतेचे आवाज याहून निराळे असतात. ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी 'टक्‌-टक्‌-टक्‌' ही त्यांतील सर्वांत परिचित खूण होय. तबकडीवर कारखान्यातच कोरलेल्या मार्गदर्शक खुणा हेडला सापडत नाहीत, म्हणून ते मागे येते, पुन्हा पुढे जाते आणि पुन्हा अपयशी ठरते; कानावर पडतो तो या प्रयत्नांचा आवाज. हेड निकामी झाले असेल, तबकडी खराब झाली असेल किंवा केवळ वीज अपुरी मिळत असेल, तरी आवाज जवळपास सारखाच येतो. विशेषतः यूएसबीच्या विजेवर चालणारी पोर्टेबल डिस्क सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर दुसरी केबल आणि संगणकाच्या मागील बाजूचे पोर्ट वापरून पाहण्यापूर्वी तिच्याविषयी निष्कर्ष काढू नये. धातू घासल्यासारखा किर्र आवाज हेड तबकडीला भिडल्याचे सुचवतो, आणि अशा डिस्कच्या प्रत्येक फेऱ्यात माहितीचा काही अंश कायमचा खरवडला जातो. येथे ताबडतोब वीज तोडणे एवढाच उपाय असतो. मोटर फिरण्याचा प्रयत्न करते परंतु तबकडी हलत नाही, तेव्हा बारीक 'बीप'सारखी गुणगुण ऐकू येते. अर्थात पुष्कळदा गुन्हेगार डिस्क नसतेच. एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीचा, पंखा धुळीने जड झाला की तोही असाच कुरकुरतो, म्हणून संगणक बंद करून डिस्कची केबल काढावी व तो पुन्हा सुरू करून कान द्यावा; आवाज तरीही राहिला तर डिस्क निर्दोष ठरते.

आवाजाला एवढे महत्त्व देताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि या शहरासाठी ती अधिक मोलाची आहे. रटगर्स विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा लाखांहून अधिक डिस्कची पाहणी होती. तिच्यातून असे दिसले की डिस्क बिघडण्यामागे हवेतील सापेक्ष आर्द्रता हे तापमानापेक्षाही प्रभावी कारण असते, आणि आर्द्रतेचा मारा तबकड्यांपेक्षा डिस्कला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक मंडलावर अधिक पडतो. ठाणे खाडीच्या काठावर जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते. त्यात हवेतील क्षार आणि चिखलातून व सांडपाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड यांची भर पडते. हा वायू तांब्यावर आणि चांदीवर काळपट थर चढवतो. युरोपात 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आल्यावर मंडलांच्या जोडबिंदूंवर चांदीचा मुलामा देण्याची पद्धत वाढली आणि गंधकयुक्त हवेपुढे ही मंडले अधिक नाजूक ठरली. डिस्कच्या खालच्या हिरव्या पट्टीवरील जोडबिंदू काळे पडले की दुरुस्ती करणारे जाणकार ते साध्या खोडरबराने पुसतात, यामागे हेच रसायनशास्त्र आहे. असा बिघाड कोणताही आवाज न करता येतो.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, त्या 'स्मार्ट' नावाच्या व्यवस्थेवरही संपूर्ण भरवसा ठेवता येत नाही. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कवर केलेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार सर्वांत बोलक्या खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. उलट, खूण उमटली तर मात्र ती हलक्याने घेण्याजोगी नसते. तबकडीच्या स्वयंतपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील 60 दिवसांत निकामी होण्याचा संभव, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत 39 पट आढळला. क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये या नोंदी पाहता येतात. त्यांतील क्रमांक 5 म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, तर क्रमांक 197 म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. क्रमांक 199 वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. या दृष्टीने पाहता ज्याच्या डिस्कने आवाज केला तो मालक सुदैवीच म्हणावा लागेल, कारण त्याला थोडा अवधी मिळाला आहे.

हा अवधी कसा वापरला जातो यावर सारे अवलंबून असते, आणि बहुतेक नुकसान येथेच होते. आधी दुरुस्ती आणि मग कॉपी, असा क्रम लोकांच्या मनात रुजलेला आहे. दुकानात नेलेल्या डिस्कवर पहिल्याच दिवशी विंडोजचे चेकडिस्क चालवले जाते. हा प्रोग्रॅम फाइलींची मांडणी दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर भरपूर वाचन-लेखन करतो, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेच सोसत नाही. म्हणून आधी कॉपी, तीही ज्याची दुसरी प्रत कोठेच नाही त्या गोष्टींची: टॅलीचा डेटा, छायाचित्रे, स्कॅन केलेली कागदपत्रे. चित्रपट आणि विंडोज पुन्हा मिळतात. डिस्क अडखळत असेल तर लिनक्सवर चालणारा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर आधी सहज वाचता येणारे भाग उतरवतो, अवघड भाग वगळून पुढे जातो, झालेल्या कामाची नोंद ठेवतो आणि शेवटी मागे राहिलेल्या जागांकडे वळतो. टकटक थांबतच नसेल तर मात्र हा प्रयत्नही करू नये. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा अजून सांगितला जातो. कोकणपट्टीच्या हवेत गार डिस्क बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, तेव्हा येथे तरी तो निव्वळ अविचार ठरतो. पुराच्या पाण्यात बुडालेली डिस्क वाळवूही नये, कारण पाणी आटले की क्षार आणि गाळ तबकडीला चिकटतात. ती ओलसर ठेवून, पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी. सारख्याच मॉडेलच्या डिस्कचे मंडल काढून बसवण्याचा उपायही आता बहुधा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या हेडला जुळणारी वेगळी माहिती त्या मंडलावरील चिपमध्ये असते.

सोसायट्यांच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर हे या विषयातील सर्वांत दुर्लक्षित प्रकरण आहे. त्यातील डिस्क दिवसरात्र लिहीत असते, ती प्रवेशद्वाराजवळच्या दमट केबिनमध्ये असते, आणि तिचा आवाज रहदारीत कोणाला ऐकू येत नाही. पडद्यावर थेट चित्र दिसत राहते, त्यामुळे चित्रमुद्रण कधीचेच बंद पडले आहे हे चोरी झाल्यावर उघडकीस येते. महिन्यातून एकदा मागील आठवड्याचे चित्रण उघडून पाहणे एवढे काम सचिवाने नेमून द्यावे.

डिस्क आवाज करते तशी ती आवाजाने बिघडतेही. सप्टेंबर 2016 मध्ये बुखारेस्ट येथे एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेताना निष्क्रिय वायू इतक्या मोठ्या आवाजाने सुटला की त्याच्या कंपनाने अनेक डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा सुमारे दहा तास बंद पडल्या. ऐरोली, रबाळे, महापे येथे उभी राहिलेली डेटा सेंटरे पाहता ही घटना नवी मुंबईला परकी नाही. घरातील वाचकाने यातून एवढेच घ्यावे की मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर डिस्क ठेवू नये.

निकामी डिस्कवरील माहिती पुसता येत नाही, परंतु ती नाहीशीही झालेली नसते. हमीच्या मुदतीत डिस्क परत दिली तर नवी मिळते, आणि जुनी आतल्या मजकुरासह परत जाते. म्हणून रुग्णांच्या नोंदी किंवा अशिलांची कागदपत्रे असलेल्या डिस्कवरील हमीवर पाणी सोडलेले बरे. अशी डिस्क तबकड्यांना भोके पाडूनच नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. मात्र लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि ड्रिल लागताच त्यांचा चुरा उडतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय या कामाला हात घालू नये.