धाकटीचंही रक्त घ्या

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाची न्यूरॉलॉजीची ओपीडी. केसपेपर घेतलेल्यांची रांग जिन्यापर्यंत गेली आहे. सोलापूरकडची एक आई आत येते. सोबत चौदा वर्षांचा मुलगा आणि धाकटी मुलगी. मुलाच्या हातात लाळ टिपायचा रुमाल आहे.

आई पिशवीतून दोन वह्या काढते. "अक्षराला बक्षीस होतं याच्या, मॅडम." पाचवीच्या वहीत नेटक्या ओळी, आठवीच्या वहीत अक्षरं वाकडीतिकडी, ओळ सोडून घसरलेली. "सर म्हणाले, आळशी झालाय. मग बोलणं बोबडं झालं, चिडचिड वाढली. बाहेरचं असंल म्हणून देवऋषीबी केला."

डॉक्टर मुलाला दोन्ही हात कोपरात दुमडून छातीसमोर धरायला सांगतात. हात खांद्यापासून फडफडू लागतात.

"लहानपणी कावीळ झाली होती?"

"झालती की, दुसरीत."

"तुमचं लग्न नात्यातलं?"

"आत्याच्याच घरी दिलंय मला."

डोळ्यांच्या विभागात स्लिट लॅम्पच्या उजेडात बुबुळाच्या कडेने सोनेरी-तपकिरी कडं दिसतं. ते साचलेलं तांबं आहे. किनिअर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केलेला हा विल्सन आजार. आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष जनुक आलं की यकृताला जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साचत जातं. डॉक्टर केसपेपरवर लिहितात: रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं, मेंदूचा एमआरआय.

"औषध आहे," त्या आईला सांगतात. "शरीरातलं तांबं बाहेर काढणारं. पण जन्मभर घ्यायचं, मध्येच सोडायचं नाही." मग त्या धाकटीकडे वळतात. "हिचंही रक्त घ्या."

"तिला काय झालं नाही, मॅडम."

"म्हणूनच आज घ्यायचं."

सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. लक्षणं दिसण्याआधी उपचार सुरू झाले आणि नेमाने चालू राहिले, तर यकृत आणि मेंदू दोन्ही वाचवता येतात. शाळकरी मुलाचं अक्षर बिघडलं, बोलणं अडखळू लागलं, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांकडे न्या. आणि घरात एकाला विल्सन निघाला, तर त्याच्या धडधाकट भावंडांची तपासणी उद्यावर ढकलू नका.