बोली कोणती, भाषा कोणती?

पूर्वीच्या युगोस्लाव्हियात जिला सर्बो-क्रोएशियन म्हणत, तिच्या आज सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि माँटेनेग्रिन अशा चार भाषा झाल्या आहेत. पावाला झाग्रेबमध्ये 'क्रुह' तर बेलग्रेडमध्ये 'ह्लेब' म्हणतात खरे. पण या मंडळींना आपसांत बोलायला दुभाषा लागत नाही.

जपानात नेमके उलटे घडले. ओकिनावातले जुने लोक आभार मानताना 'अरिगातो' नव्हे, 'निफे देबिरु' म्हणतात. त्यांचे आपसांतले बोलणे टोकियोच्या माणसाला कळत नाही. तरीही १८७९ साली र्‍युक्यूचे राज्य खालसा झाल्यावर तिथल्या भाषा 'होगेन', म्हणजे बोली, ठरल्या. शाळेत ती बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'होगेन फुदा' ही लाकडी पाटी अडकवीत. दुसरे कोणी तसे बोलताना सापडले की पाटी त्याच्या गळ्यात! सोबत्यांवर पाळत ठेवायला लावणारी ही शिक्षा आम्हाला छडीपेक्षा वाईट वाटते.

कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आपल्याकडेही रंगला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला भाषा म्हणून मान्यता दिली. र्‍युक्यूच्या सहा भाषा युनेस्कोने २००९ मध्ये भाषा म्हणूनच नोंदवल्या, पण त्या धोक्यात आलेल्या भाषांच्या यादीत. तोवर आजीआजोबा नातवंडांशी जपानीतच बोलू लागले होते.