पुण्याच्या नळाचं पाणी आणि आपली ओटीची बाटली

मृग लागला, पेरणीच्या घाईत कोणाला बसायला वेळ नाही, तरी दहा मिनिटं ऐका.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या गटातल्या एका मावशी बैठकीत हप्ता भरायचा सोडून मला विचारायला लागल्या, "ताई, पुण्यात पाणी पिऊन लोकायचे पाय लुळे पडून राह्यले म्हणतात, खरं हाय का?" त्यांचा मुलगा कंपनीच्या कामासाठी धायरीला खोली करून राहतो. मी त्यांना म्हटलं, अफवा असेल. अफवा नव्हती.

पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला इकडे एका आजाराचे रुग्ण एकदम वाढले. आजाराचं नाव गुलेन बॅरी सिंड्रोम, पेपरात जीबीएस लिहीत होते. एरवी हा लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा आजार. तिथे काही आठवड्यांत संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. कित्येकांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काही दगावले.

आता पाण्याचा आणि पायांचा संबंध काय? घाण पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो. आधी नुसती हगवण लागते, दोन-चार दिवसांत थांबते. पण त्या जंतूशी लढायला शरीराने जी फौज उभी केलेली असते, ती काही जणांत चुकून आपल्याच नसांवर उलटते. म्हणून हगवण बरी झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायात मुंग्या येतात, पायातलं बळ जातं, मग हात, आणि कधी श्वासाचे स्नायूसुद्धा. हा लकवा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि वेळेत दवाखाना गाठला तर बहुतेक जण बरे होतात. पुण्यात बऱ्याच रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत हाच जंतू सापडला.

बोट गेलं ते पाण्याकडे. ही गावं महापालिकेत गेली होती, इमारती वाढल्या होत्या, पण पाणी यायचं ते नांदेडच्या मोठ्या विहिरीवरून, फक्त क्लोरीन टाकून. गाळून शुद्ध करणारं केंद्र त्याला नव्हतं. काही घरांच्या नळाच्या पाण्यात क्लोरीनही सापडलं नाही. महापालिकेने त्या भागातले खासगी आरओ प्लांटही बंद करायला लावले, कारण त्यांच्या पाण्यातही जंतू निघाले. हे मुद्दाम सांगते. लग्नात आपण जारचं थंड पाणी ठेवलं की निश्चिंत होतो. थंड म्हणजे शुद्ध नव्हे.

मावशी म्हणाल्या, शहराचं शहरात. तर २०२२ चा पावसाळा आठवा. आपल्याच अमरावती विभागात, मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत पटकी पसरली. बिल थकलं म्हणून नळयोजनेची वीज तोडलेली, लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी भरलं, आणि माणसं गेली. म्हणजे पाणीपट्टी थकवणं हाही आरोग्याचाच प्रश्न आहे, हे कोणाला आवडो न आवडो.

आपल्याकडे नळ रोज येत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि नालीतून गेलेल्या पाइपाला चीर असेल तर नालीचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ आल्यावर पहिलं गढूळ पाणी भरू नका. टाकीत टीसीएल पावडर टाकतात ती हजार लिटरला पाच ग्रॅम, पाण्यात कालवून, वरचं निवळलेलं पाणी टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की पावडरीचा जोर जातो. मग टाकली काय नि न टाकली काय.

टाकली की नाही हे भांडून कळत नाही, ओटी टेस्टने कळतं. छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. ते पाणी फेकून द्यायचं, प्यायचं नाही. गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळावर तपासा, टाकीजवळ तर पिवळं येणारच. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांनी पाणी तपासायला शिकायचं असं ठरलेलं आहे. एका गावात मी किट पाहिलं, कपाटात, सील न फोडलेलं.

घरी पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग उकळा किंवा मेडिक्लोर टाका. गढूळ पाण्यात औषध नीट काम करत नाही. माठातून लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढा.

लेकराला हगवण लागली तर लिटरभर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि आशाताईकडून झिंकच्या गोळ्या. गरोदर बाईला कावीळ दिसली तर झाडपाल्यात दिवस घालवू नका, थेट दवाखाना. आणि हगवणीनंतर कोणी म्हणालं, उकिडवं बसलो तर उठता येत नाही, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

मावशींचा मुलगा ठीक आहे, पाणी उकळून पितो. येत्या बैठकीला मी ओटीची बाटली आणते. प्रत्येकीने झाकणाच्या स्वच्छ बाटलीत आपल्या नळाचं पाणी आणा, मात्र त्याच दिवशी आलेलं. शिळ्या पाण्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं.