रस्त्यामुळे गाड्या, की गाड्यांमुळे रस्ता?

पुण्याच्या विद्यापीठ चौकातल्या दुमजली उड्डाणपुलाची औंधकडून शिवाजीनगरकडे उतरणारी बाजू २०२५च्या २० ऑगस्टला खुली झाली. तेव्हापासून घरात, कचेरीत, रिक्षात एकच विषय आहे: कोंडी फुटली का? या चौकात हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला जातोय. इथला आधीचा पूल मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाच्या आड येतो म्हणून २०२० साली पाडला, तेव्हा तो फारसा जुनाही झालेला नव्हता. त्या पुलाने किती लोकांचा किती वेळ वाचवला, याचा आकडा मात्र तो पाडताना माझ्या ऐकण्यात आला नाही आणि नवा बांधतानाही आला नाही. टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या जागतिक यादीत पुणे चौथ्या क्रमांकाचं संथ शहर ठरलं, दहा किलोमीटरला ३३ मिनिटं २२ सेकंद. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पुलाचा आकडा मात्र मी कोणाकडूनच ऐकलेला नाही, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

‘रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात’ हे वाक्य आता टपरीवरही ऐकू येतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच लिहून ठेवलं होतं की, शहरी द्रुतगती मार्गावर गर्दीच्या वेळची वाहतूक त्या मार्गाची क्षमता संपेपर्यंत वाढत जाते. कारण समजायला सोपं आहे. रस्ता मोकळा झाला की गर्दी टाळून लवकर निघणारा माणूस सोयीच्या वेळी निघू लागतो, आडरस्त्याने जाणारा मुख्य रस्त्यावर येतो, बसने जाणारा दुचाकी बाहेर काढतो.

पण हे सिद्ध कसं करायचं? सरकार रस्ते बांधतं तेच मुळी गाड्या वाढत असलेल्या शहरात. मग दोन्ही बरोबरीने वाढलेले दिसले, तर कोणामुळे कोण वाढलं? पुलाचा समर्थक म्हणणार, ‘पूल नसता तर याहून वाईट अवस्था झाली असती.’ चौकात उभं राहून नुसत्या गाड्या मोजल्या तर त्याला उत्तर देता येत नाही.

टोरोंटो विद्यापीठात त्या वेळी असलेल्या जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या दोघांनी या पेचातून जी वाट काढली, तिच्यासारखं देखणं काम शहरांच्या अभ्यासात मी क्वचित वाचलं आहे. त्यांचा निबंध २०११ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. त्यांना असे रस्ते हवे होते, जे आजच्या गाड्यांची गर्दी बघून बांधलेले नसतील. ते शोधायला त्यांनी जुने नकाशे काढले. पहिला नकाशा १९४७चा, अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांच्या आराखड्याचा. तो आखताना मोठी शहरं एकमेकांना जोडणं आणि देशाचं संरक्षण हे हेतू होते. एखाद्या शहरातला नोकरदार पन्नास वर्षांनी ऑफिसला कसा जाईल, हा विचार त्यात नव्हता. दुसरा नकाशा १८९८ सालच्या रेल्वेमार्गांचा. तिसरा त्याहून मागचा, १८३५ ते १८५० या काळात मोहिमांवर निघालेल्या लोकांनी तुडवलेल्या वाटांचा.

रेल्वेचा नकाशा इथे काय कामाचा? १८९८ साली रूळ टाकणाऱ्याला शंभर वर्षांनंतरच्या मोटारी दिसणं शक्य नव्हतं. पण रुळांसाठी सपाट केलेली जमीन आणि घातलेले भराव पुढे महामार्गालाही सोयीचे पडले. त्यामुळे ज्या शहरातून तेव्हा जास्त रूळ गेले, त्याच्या वाट्याला पुढे जास्त महामार्ग आले. ते शहर पुढे किती गजबजणार याच्याशी त्याचा संबंध नव्हता. अशा, मागणीवाचून मिळालेल्या रस्त्यांवर काय झालं ते या दोघांनी तपासलं. तिथेही गाड्या भरल्याच. महामार्गांची लांबी, मार्गिका धरून, एक टक्का वाढली की गाड्यांनी कापलेलं अंतरही जवळजवळ एक टक्का वाढतं. म्हणजे वेग होता तिथेच राहतो. या जास्तीच्या गाड्या येतात कुठून, हेही त्यांनी शोधलं. आधीपासूनचे रहिवासी जास्त गाडी चालवतात, मालवाहतूक वाढते, बाहेरून माणसं राहायला येतात. शेजारच्या रस्त्यावरून वळून आलेल्या गाड्यांचा वाटा त्या मानाने लहान निघाला.

याच निबंधातला दुसरा निष्कर्ष मेट्रोच्या समर्थकांना, म्हणजे मलाही, बोचणारा आहे. सार्वजनिक वाहतूक वाढवली म्हणूनही रस्त्यावरच्या गाड्या कमी होत नाहीत. मेट्रोत बसायला गेलेल्याने रिकामी केलेली जागा दुसरा कोणीतरी भरून काढतो. म्हणून ‘मेट्रो आली की विद्यापीठ चौकातला गणेशखिंड रस्ता मोकळा होईल’ हे आश्वासन कोणी देऊ नये. मेट्रोचं समर्थन वेगळ्या कारणाने करायला हवं: तिच्यात बसलेला माणूस खालच्या कोंडीपासून सुटतो. हिंजवडीला रोज दुचाकीवरून जाणाऱ्या मुलीसाठी हे कारण पुरेसं आहे.

हे सगळं अमेरिकेतलं. ते इथे जसंच्या तसं लावायचं का? ड्युरांटन यांनीच अकबर, कुतूर आणि स्टोरीगार्ड या सहकाऱ्यांबरोबर भारतातली १५४ शहरं अभ्यासली. एकाच प्रवासाला वेगवेगळ्या वेळी किती मिनिटं लागतील, हे ते गूगल मॅप्सला विचारत राहिले आणि असे दोन कोटींहून जास्त प्रवास जमवले. त्यातून निघालेलं चित्र मला अनपेक्षित होतं. आपली संथ शहरं रस्ते मोकळे असतानाही संथच असतात. शहराशहरांतल्या वेगातला फरक मुख्यतः या मूळच्या मंदपणातून येतो. गर्दीच्या वेळची खरी कोंडी मोठ्या शहरांच्या मध्यभागी जास्त सापडते. ज्या शहरांत मुख्य रस्ते जास्त आणि त्यांची जाळी सरळ, तिथला वेग बरा. हे खरं असेल तर एका चौकावरचा पूल संबंध शहराचा वेग कितीसा वाढवणार? पुणं वाढलं ते गावं पोटात घेत. बाणेर, बालेवाडी, वाकडला समांतर जोडरस्ते अपुरे पडतात आणि सगळा भार मोजक्या चौकांवर येतो. त्या चौकांवर पूल बांधून हा भार फक्त उचलला जातो. तो वाटला जाण्यासाठी जोडरस्तेच लागतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

गर्दीच्या वेळी गाड्यांकडून पैसे आकारण्याचा उपायही असाच तपासून घ्यावा लागतो. स्टॉकहोमने २००६च्या जानेवारीपासून जुलैअखेरपर्यंत प्रायोगिक आकारणी केली. शहराच्या मध्यात शिरणाऱ्या-निघणाऱ्या गाड्या सुमारे वीस टक्क्यांनी घटल्या. आकारणी थांबली तशा बऱ्याच परत आल्या. सगळे आकडे समोर ठेवून त्याच वर्षी लोकांचं मत घेतलं आणि २००७ पासून ती कायम झाली. बंगळुरूत गॅब्रिएल क्राइंडलर यांनी सुमारे ५०० प्रवाशांच्या फोनमध्ये अॅप घालून असाच प्रयोग केला. कोणत्या वेळी निघालं तर किती पैसे कापले जातील, हे ठरलेलं होतं. लोकांनी निघण्याच्या वेळा थोड्याफार बदलल्याही. पण तिथल्या रस्त्यावर गाडीमागे प्रवासाचा वेळ सरळ रेषेत, हळूहळू वाढतो. ठरावीक संख्येनंतर एकदम उसळत नाही. म्हणून अशा आकारणीचा एकूण फायदा नगण्य निघाला. एका शहरात लागू पडलेलं औषध दुसऱ्यात निष्प्रभ ठरतं, आणि ते आधी कळण्याचा मार्ग मोजण्याखेरीज दुसरा नाही.

पुण्याला मोजणं नवं नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३०च्या दशकात या शहराची कुटुंबवार पाहणी करवली. तिचे खंड १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९५०च्या दशकात संस्थेने फेरपाहणीही केली. तेव्हा ना संगणक होता ना मोबाइल. कार्यकर्ते घरोघर जात. आज त्याच शहरात अभियांत्रिकीची, अर्थशास्त्राची, भूगोलाची कितीतरी महाविद्यालयं आहेत आणि शिकणारी मुलं लाखांनी आहेत.

मोजायचं काय, हेही ठरवायला हवं. वाहतूक अभियांत्रिकीत वाहनं ‘पीसीयू’ (पॅसेंजर कार युनिट) या एककात मोजतात: मोटार एक, बस साधारण तीन. त्या हिशेबात पन्नास प्रवाशांनी भरलेली पीएमपी बस आणि एकेकट्या चालकाच्या तीन मोटारी सारख्याच वजनाच्या. एका बाजूला पन्नास माणसं, दुसऱ्या बाजूला तीन. या मापाने बघणाऱ्याला बसची स्वतंत्र मार्गिका नेहमी वाया गेलेलीच दिसणार. बीआरटीवर, म्हणजे अशा मार्गिकांवरच्या जलद बससेवेवर, आपल्याकडे झालेल्या वादात हे माप फार थोड्या लोकांनी विचारात घेतलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. देशात बीआरटीची सुरुवात २००६ साली पुण्यानेच केली होती.

पुलाची ही बाजू खुली झाली तेव्हा उरलेल्या बाजू खुल्या व्हायच्या होत्या. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर हा मेट्रोचा २३ किलोमीटरचा तिसरा मार्गही सुरू व्हायचा होता. ‘आधी’ची नोंद आधीच घेता येते, मेट्रो धावू लागल्यावर ती मिळवण्याचा उपाय उरत नाही. पालिकेने किंवा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) एखाद्या महाविद्यालयाला हे काम द्यावं आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत. औंध, बाणेर आणि पाषाण रस्त्यांच्या तोंडाशी, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, बसमधली, रिक्षातली, दुचाकीवरची आणि पायी चालणारी माणसं मोजणारे विद्यार्थी दिवाळीच्या सुट्ट्या लागण्याआधी उभे राहिले पाहिजेत.