मातीत सोडलेला जिवाणू किती दिवस जगतो?



मागे एका शिवारफेरीत एका सभासदाने आम्हाला बांधावरच अडवले. "साहेब, ही ॲझोटोबॅक्टरची पुडी म्हणजे प्रयोगशाळेत बदल केलेले जिवाणू तर नव्हंत? रानात माजले तर काढायचे कसे?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या पुडीतले जिवाणू मातीतूनच निवडून वाढवलेले असतात, त्यांच्या जनुकांत फेरफार केलेला नसतो. पण ज्यांच्यात तो केलेला असतो, त्यांच्याबाबत शास्त्रज्ञांनाही हीच धास्ती असते. एकदा रानात सोडलेला जिवाणू वेचून परत आणता येत नाही. म्हणून आधी बंद खोलीत त्याची परीक्षा घेतात.

बरणीत रानातलीच माती भरतात, ओल आणि उष्णता ठरावीक राखतात आणि मोजून जिवाणू मिसळतात. मग दर काही दिवसांनी ग्रॅमभर माती पाण्यात ढवळून, ते पाणी दहा-दहा पट पातळ करत खाद्य घातलेल्या काचेच्या बशीत पसरतात. उगवलेले ठिपके मोजले की हिशेब लागतो. पण ग्रॅमभर मातीत मुळचेच कोट्यवधी जिवाणू, त्यांत आपला कोणता? बाजारात बैल ओळखू यावा म्हणून डाग देतात, तसा इथेही डाग द्यावा लागतो. अमेरिकेतील मोन्सॅन्टो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी स्युडोमोनास या मातीतल्या जिवाणूत दुसऱ्या जिवाणूची जनुके घातली. त्यामुळे तो दुधातली साखर खाऊ लागला आणि ठरावीक रसायन असलेल्या बशीत त्याचे ठिपके निळे दिसू लागले. १९८७ साली साउथ कॅरोलिनात क्लेमसन विद्यापीठाने त्याची शेतात चाचणी घेतली.

अशा परीक्षांत एक गोष्ट वारंवार दिसते. वाफेने निर्जंतुक केलेल्या मातीत सोडलेला जिवाणू टिकतो, वाढतोही. जिवंत मातीत मात्र त्याची संख्या बहुधा घसरत जाते. तापवलेल्या दुधात विरजण बिनघोर लागते, मातीत मात्र आधीच बिऱ्हाडे थाटलेली असतात. खाद्य कमी, खाणारे फार. त्यात जिवाणूंवरच जगणारे सूक्ष्म आदिजीव. तरीही काही जिवाणू चिकणमातीच्या बारीक छिद्रांत दडून तग धरतात. काही जिवंत असूनही बशीत उगवत नाहीत. म्हणून बशी कोरी राहिली तरी 'संपले' असे म्हणत नाहीत, मातीतला डीएनएही तपासतात. घातलेले जनुक मुळच्या जिवाणूंत शिरले काय, हेही पाहावे लागते.

आता आपल्या पुडीचे. पावडरीतल्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा सरकारी नियम आहे. रानात गेल्यावर त्यांचीही हीच गत होते. एका सभासदाने पुड्या एप्रिलभर पत्र्याखाली ठेवल्या आणि नंतर "गुण आला नाही" म्हणून आमच्याशी भांडले! पुडी सावलीत ठेवा, अंतिम तारीख पाहा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलीवरच द्या. युरियात कालवू नका. पाचट जाळण्याऐवजी कुजवले तर जिवाणूंना खाद्यही मिळते.