सीमोल्लंघन एका दिवसाचे

भाद्रपद सरत आला की नैर्ऋत्येचा मोसमी वारा माघारी वळू लागतो, परतीच्या पावसाच्या दोनचार सरी विजांच्या गडगडाटासह कोसळून जातात, आणि मग आश्विनातल्या एखाद्या सकाळी घराबाहेर पाऊल टाकताच ध्यानात येते, की कालपर्यंत धूसर दिसणारे डोंगर आज हाकेच्या अंतरावर येऊन उभे राहिले आहेत. याचे कारण असे, की चार महिन्यांच्या पर्जन्याने हवेतील धूळ धुऊन निघालेली असते आणि भूमी अद्याप ओली असल्यामुळे नवी धूळ उठत नाही. हीच निर्मळता पाण्यालाही येते. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवविलेले आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेले असे जे शरदातले जल, त्याला चरकसंहितेने ‘हंसोदक’ अशी संज्ञा देऊन स्नानपानास ते प्रशस्त मानले आहे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत टिकणाऱ्या या स्वच्छ दिवसांत प्रत्येकाने, मग तो कचेरीतला कारकून असो, पेढीवरचा व्यापारी असो वा घरसंसारात गुरफटलेली गृहिणी असो, निदान एकदा तरी पहाटे निघून दिवेलागणीला परत यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आणि त्यासाठी फार लांब जाण्याचे यत्किंचितही प्रयोजन नाही, हेही त्याच आग्रहाने सांगावयाचे आहे.

हा आग्रह नवीन नाही. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात मुक्काम करीत आणि दसऱ्याच्या सुमुहूर्तावर मुलूखगिरीस बाहेर पडत, याचे कारण धार्मिक होते तितकेच व्यावहारिकही होते. नद्यांना उतार मिळू लागलेला असे, घोड्यांना रानोमाळ चारा असे आणि वाटांवरचा चिखल वाळू लागलेला असे. ज्यांना फौजेत जावयाचे नव्हते तेदेखील त्या दिवशी गावाची शीव ओलांडून जात, शमीचे पूजन करीत आणि आपट्याची पाने घेऊन घरी परतत. पुढे कार्तिक उजाडला की आवळीभोजनाचा बेत ठरे; शिधासामग्री बांधून मंडळी गावाबाहेरच्या एखाद्या मळ्यात किंवा देवळाच्या आवारात जात, आवळीच्या झाडाखाली चूल मांडून स्वयंपाक होई, पंगत बसे, आणि उन्हे कलली की सर्वजण आपापल्या घरी येत. म्हणजे ज्याला आपण आज एक दिवसाची सहल म्हणतो ती आपल्या पंचांगातच होती, तिला धर्माचे अधिष्ठान होते, आणि म्हणून तिच्यासाठी कोणाची रजा मंजूर करून घ्यावी लागत नसे. आज सीमोल्लंघन आपट्याच्या पानांच्या देवघेवीपुरते उरले आहे आणि आवळीभोजन कोठे कोठेच ऐकू येते, ही मला मोठी हानी वाटते.

आपण आता विश्रांतीची अशी काही व्यवस्था लावून घेतली आहे, की वर्षभर राबावयाचे, रजा साठवावयाची आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात ती एकदम खर्च करून दूरच्या प्रांतात आठदहा दिवस काढावयाचे. त्या प्रवासाला माझा विरोध नाही. परंतु त्याची महिनोन्‌महिने चालणारी तजवीज, त्यावरचा खर्चवेच, गाड्यांच्या आणि खोल्यांच्या नोंदण्या, आणि परत आल्यावर दफ्तरात साचलेला कामाचा ढीग, या सर्वांचा हिशोब मांडला तर मनाला मिळालेला विसावा किती आणि लागलेला घोर किती, हे ज्याचे त्यानेच ठरवावे. एका दिवसाच्या भटकंतीचे बळ तिच्या मर्यादेतच आहे. सूर्यास्ताच्या सुमारास परतावयाचे आहे हे पक्के असल्यामुळे सामान लागत नाही, उद्याची हजेरी चुकत नाही, आणि मुख्य म्हणजे आपले नित्याचे जीवन सोडून पळून आल्याची भावना मनात येत नाही. घर आणि रान ही एकाच दिवसाची दोन अंगे होतात. मनाचा तोल सावरण्यास जी गोष्ट वारंवार करता येते तीच उपयोगी पडते.

या अनुभवाची शास्त्रीय मीमांसाही झालेली आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1989 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की हिशोब तपासणे, पत्रव्यवहार पाहणे, रहदारीतून वाहन हाकणे अशा कामांत आपण अवधान प्रयत्नपूर्वक एका बिंदूवर धरून ठेवतो आणि ही शक्ती वापराने थकते. उलट वाहते पाणी, हलणारी पाने, ढगांची चाल यांकडे चित्त आपोआप वेधले जाते, त्याला प्रयास पडत नाहीत, आणि तेवढ्या अवकाशात थकलेली शक्ती पुन्हा भरून येते. त्याच विद्यापीठात पुढे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच माणसांना एकदा वृक्षोद्यानातून आणि एकदा शहराच्या वर्दळीतून फिरवून आणले, आणि प्रत्येक वेळी नंतर ऐकलेले अंक उलट क्रमाने म्हणण्याची परीक्षा घेतली. झाडांतून फिरून आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली, रस्त्यांवरून आल्यावर तशी सुधारली नाही. झोप काढून किंवा पडद्यासमोर बसून हा थकवा का जात नाही आणि ओढ्याकाठच्या तासाभराने का जातो, याचा उलगडा मला या विवेचनात मिळाला.

स्फूर्तीविषयी मात्र जरा जपून बोलले पाहिजे. आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या एका शोधाची हकीकत लिहून ठेवली आहे. एका विशिष्ट प्रकारच्या फलनांवर तो काँ या गावी खपत होता. मध्येच भूगर्भशास्त्राच्या एका सहलीस तो गेला, प्रवासाच्या नादात गणित विसरला, आणि कुतांस येथे गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणीच, त्यापूर्वी कोणताही विचार चालू नसताना, अडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या मनात उभे राहिले. ही कथा सांगणारे पुष्कळ आहेत. पण प्वांकारेने तिच्याबरोबरच जे बजावले ते फार थोडे सांगतात. आधी जाणीवपूर्वक, चिकाटीने आणि वरवर निष्फळ असे परिश्रम झालेले असल्याखेरीज असा प्रकाश पडत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सबब, सहलीला गेले की स्फूर्ती मिळेल अशी आशा कोणी बाळगू नये. जो सहा दिवस एखाद्या कामाशी झुंजला आहे त्याच्याच ओंजळीत सातव्या दिवशी काही पडण्याचा संभव असतो.

आता प्रत्यक्ष एक वाट सांगतो. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सकाळी बसावे. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग 1858 साली खुला झाला, आणि बोरघाटातील काम पुरे होऊन तो मुंबईस जोडला गेला तो 1863 मध्ये. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे ही वाट पुणेकरांच्या पायाखालची आहे. तळेगाव मागे पडले की चौकोनी इमारतींची गर्दी विरळ होते आणि वडगावपासून भातखाचरे सुरू होतात. याच वडगावी 1779 च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला मराठ्यांनी कोंडीत पकडून तह करावयास लावला. त्याच गावच्या कृषी संशोधन केंद्रातून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ‘इंद्रायणी’ नावाचा सुवासिक भात निघाला, आणि आज आपल्या घरोघरी जो तांदूळ शिजतो त्याचे हे माहेर आहे, हे खिडकीशी बसलेल्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

कामशेत गेले की मळवली. स्टेशनात उतरून भाजे गावाकडे जाणारा रस्ता धरावा आणि पहिल्या खाचराशी क्षणभर थांबावे. आश्विनात पीक पोटरीतून बाहेर येऊन निसवलेले असते. लोंब्या वाकू लागलेल्या असतात, परंतु एकाच लोंबीवर टोकाकडचे दाणे पिवळे आणि बुडाकडचे हिरवे असा भेद दिसतो, कारण दाणा भरण्याची क्रिया शेंड्याकडून खाली उतरत येते. हिरवा दाणा नखाने दाबला तर दुधासारखा पांढरा द्राव येतो. बांधावर गवतात कोळ्यांनी विणलेली जाळी दवाने जड झालेली असतात. कार्तिकात हेच शेत सोन्याच्या रंगाचे होते आणि विळे घेऊन माणसे कापणीस उतरतात. अशा वेळी परतीचा पाऊस लांबला तर उभे पीक आडवे होते, म्हणून आकाशाकडे पाहणारा शेतकरी आणि आकाशाकडे पाहणारा सहलीचा माणूस यांच्या पाहण्यात महदंतर असते, याची जाणीव ठेवावी. रस्त्याच्या कडेला कोणी म्हातारा भेटला तर त्याला ‘बाबा, यंदा पीक कसं आहे?’ एवढे विचारावे. उत्तर सविस्तर मिळते, आणि ते ऐकण्यासाठी अर्धा तास गेला तर तो वाया गेला असे समजू नये.

गावामागच्या डोंगरात बावीस लेणी आहेत, आणि त्यांतील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, म्हणजे सह्याद्रीतील अत्यंत प्राचीन शैलगृहांपैकी एक आहे. त्याचे दर्शनी लाकडी बांधकाम केव्हाच नाहीसे झाले असून ते बसविण्यासाठी खडकात पाडलेली भोके तेवढी उरली आहेत, त्यामुळे आतला स्तूप बाहेरूनच दृष्टीस पडतो. आत गेल्यावर दोन्ही हातांच्या अष्टकोनी खांबांकडे नीट पाहावे. ते सरळ उभे नाहीत. पायथ्याकडून माथ्याकडे जाताना आतल्या अंगाला कललेले आहेत. लाकडाच्या सभागृहात छताचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार त्यांना आत कलवून उभे करीत; अखंड खडकात कोरताना असा रेटा मुळीच नसतो, तरीही पाथरवटांनी सुताराची ती रीत जशीच्या तशी ठेवली. नवे द्रव्य हाती आले असताना जुन्या हातांची सवय किती श्रद्धेने जपली जाते, याचा इतका स्पष्ट पुरावा मी अन्यत्र पाहिलेला नाही. ही लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी तेथे सावली आणि गारवा असतो, आणि ऊन आत शिरते ते दुपार कलल्यावर. ज्याला घाई नाही त्याने येथेच बसून शिदोरी सोडावी.

पायांत बळ असेल तर पुढे लोहगड आहे. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांस दिलेल्या 23 किल्ल्यांतला हा एक, आणि 2025 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या बारा मराठा दुर्गांतलाही एक. पण शरदात या गडाचे खरे ऐश्वर्य इतिहासात शोधू नये. त्याच्या उतारांवर सोनकीची पिवळी फुले दाट पसरलेली असतात, मधूनमधून तेरड्याचा गुलाबी पट्टा येतो, आणि विंचूकाट्याच्या लांबट सोंडेवर उभे राहिले की पवना धरणाचे काठोकाठ भरलेले पाणी खाली पसरलेले दिसते. एवढे मात्र ध्यानात असू द्यावे, की आश्विनाचे ऊन फसवे असते. शरदात पित्ताचा प्रकोप होतो, उन्हात वावरणे टाळावे, असे आयुर्वेद सांगतो आणि त्यात तथ्य आहे. स्वच्छ आकाशातून ऊन थेट पडते, ओल्या जमिनीतून वाफ उठते, आणि त्यामुळे ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो तो उकाडा दुपारी अंगाची लाही करतो. चढाव सकाळी दहाच्या आत उरकावा.

साताऱ्याजवळच्या कास पठाराविषयी वाचकांना येथे अपेक्षा असेल. जांभ्या खडकावर जेमतेम बोटभर माती, आणि तीत गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांचे गालिचे. सीतेची आसवे ही चिमुकली जांभळी फुले धारण करणारी वनस्पती जमिनीतल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपल्या पोषणात भर घालते, ही गोष्टही विलक्षण आहे. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर या पठाराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तथापि रविवारी तेथे लोटणारी गर्दी पाहता, ज्याला शांतता हवी आहे त्याने तिकडे जाऊ नये, गेल्यास आडवारी जावे, आणि फुलांत शिरून छायाचित्रे काढू नयेत, असेच मी म्हणेन. तीच फुले सह्याद्रीच्या पुष्कळ अनाम सड्यांवर उमलतात.

कोल्हापूरकरांना पन्हाळा आहे, नागपूरकरांना रामटेक आहे, मराठवाड्यात वेरूळ आणि देवगिरी आहेत. पुरंदर तालुक्यात याच दिवसांत सीताफळांच्या पाट्या भरून सासवडच्या बाजारात येतात, तेवढ्यासाठीही एक सकाळ द्यावी. स्थळ कोणतेही असो, ते एकच असावे. तीन देवळे, दोन धबधबे आणि एक किल्ला अशी यादी खिशात घालून निघालेला मनुष्य दिवसभर घड्याळच पाहत राहतो. आणि शक्य तर त्याच स्थळी फिरून जावे. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ या 1956 सालच्या पुस्तकात एकेक महिना घेऊन सृष्टीचे जे निरीक्षण केले, ते परिचित झाडाकडे पुनःपुन्हा पाहिल्यामुळे साधले; प्रथम भेटीत डोळे नावीन्याने भरून जातात, पाहणे सुरू होते ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. सोबतीस वडीलधारे असतील तर त्यांच्या चालीने चालावे, मुले असतील तर त्यांना थांबू द्यावे, आणि दूरध्वनी पिशवीत ठेवावा.

मार्गशीर्ष लागेतो भात खळ्यावर गेलेला असतो, सोनकी वाळलेली असते, ओढे आटू लागतात आणि कापणी झालेल्या रानांतून पुन्हा धूळ उठू लागते. तेव्हा ज्यांना जावयाचे असेल त्यांनी दिवाळीची खरेदी आणि पाहुण्यांची वर्दळ यांतून एक दिवस आत्ताच राखून ठेवावा, भाजणीचे थालीपीठ नि पाण्याची बाटली बरोबर घ्यावी, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आत निघावे.