आईचा लेन नंबर चार

‘‘अगं, चार लोक काय म्हणतील?’’

हे वाक्य आपल्या घरात कोण कुणाला म्हणतं, हे वेगळं सांगायला नको. पण आमच्या घरी मागच्या महिन्यात हे वाक्य मी म्हटलं. आईला. कारण 46 वर्षांच्या आमच्या मातोश्रींनी जेवताना जाहीर केलं, की त्या 100 मीटर पळणार आहेत. वॉकिंग नाही, योगा नाही. पळणार. तेही स्पर्धेत, छातीवर नंबर लावून.

आई शाळेत असताना तालुक्याला पळायची, हे मला ऐकून माहीत होतं. दहावीनंतर ते थांबलं. का थांबलं, हे मी बावीस वर्षांत कधी विचारलं नाही. मी ‘लोक हसतील’ म्हटल्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘‘हसू दे की. मी पळायले, चोरी नाही करायले.’’

मास कॉमला आम्हाला शिकवतात, की मत बनवण्याआधी माहिती काढा. मग काढली. आणि गप्प बसले.

पस्तिशीपासून पुढे

मोठ्यांच्या या खेळाला ‘मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स’ म्हणतात. वय 35 पूर्ण झालं, की तुम्ही मास्टर्स. पुढे दर पाच वर्षांचा एक गट : 35 ते 39, 40 ते 44, 45 ते 49 आणि असंच शंभरीच्या पलीकडेही. कुठल्या गटात खेळायचं, हे स्पर्धेच्या वेळच्या वयावर ठरतं. त्यामुळे इथे एक गंमत होते. आपल्याकडे वाढदिवस आला की पन्नाशीची माणसं उदास होतात, मास्टर्सवाले खूश होतात. नव्या गटात ते सगळ्यात ‘तरुण’ असतात ना!

पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा 1975 मध्ये कॅनडातल्या टोरांटोत झाली. म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही. नियमही विचार करून केलेले आहेत. गोळाफेकीत खुल्या गटातले पुरुष 7.26 किलोचा गोळा फेकतात. मास्टर्समध्ये पन्नाशीला तो 6 किलोचा होतो, साठीला 5, सत्तरीला 4 आणि ऐंशीनंतर 3. बायकांचा 4 किलोचा गोळा पन्नाशीनंतर 3 किलोचा होतो. हर्डल्सची उंचीही वयाप्रमाणे उतरते. पण 100 मीटर म्हणजे 100 मीटरच. तिथे सूट नाही.

हे आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, ‘‘मग गोळाफेकीला चार वर्षं थांबते. तोवर पळते.’’

24.74 सेकंद

आता थोडे आकडे. 2022 मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे जागतिक मास्टर्स स्पर्धेत हरियाणाच्या भगवानी देवी डागर यांनी 100 मीटर 24.74 सेकंदांत पळून सुवर्ण जिंकलं. वय 94. शिवाय गोळाफेक आणि थाळीफेकीत कांस्य. चंदीगडच्या मान कौर यांनी तर पळायला सुरुवातच 93 व्या वर्षी केली. 2017 मध्ये ऑकलंडला 101 व्या वर्षी त्यांनी 100 मीटर 74 सेकंदांत पूर्ण केलं. त्यांच्या गटात दुसरं कुणीच नव्हतं! ‘मग त्यात काय, एकट्याच तर होत्या’ असं वाटलं ना? मलाही वाटलं. नंतर लक्षात आलं, बाकीच्या सगळ्या मागे पडल्या होत्या म्हणून त्या एकट्या होत्या.

आणि त्यांना मैदानावर आणणारा, सराव करून घेणारा कोण? त्यांचा मुलगा.

आपल्या लताबाई

एवढ्या लांब कशाला जायचं? लता भगवान करे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीकडे आलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या. नवरा आजारी पडला, तपासण्यांना पैसे नव्हते. बारामती मॅरेथॉनमध्ये बक्षीस आहे असं कळलं आणि साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या 3 किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या. जिंकल्या. पुढे त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा मराठी सिनेमा आला. त्यात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केली आणि 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांची विशेष दखल घेतली गेली.

त्यांचा फोटो आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवून झालाय. मीही ठेवला होता. पण आता एक प्रश्न पडतो. लताबाई पळाल्या तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, कारण त्यांच्याकडे कारण होतं. नवऱ्याचा जीव वाचवायचा होता. माझ्या आईकडे असं काही कारण नाही. तिला फक्त पळायचंय. मग बाईनं पळायला आधी संकट यावं लागतं का? तोच फोटो स्टेटसला ठेवणारी मी घरात मात्र ‘लोक हसतील’ म्हणत होते. हे लिहितानाही जरा लाजच वाटतेय.

शरीर काय म्हणतं?

खरं सांगायचं तर वय आपलं काम करतंच. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात. त्यातही झटक्यात ताकद लावणारे तंतू आधी झिजतात, म्हणून वेग लवकर कमी होतो. पोटरीमागची शीर आणि मांडीचा मागचा स्नायू हे दुखापतीचे हमखास अड्डे. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग काही आठवडे चालणं, हलकं पळणं, ताकदीचे व्यायाम आणि सगळ्यात शेवटी जोरात धाव. वॉर्मअप न करता थेट स्प्रिंट मारायची नाही. विशीत खपून जातं, पन्नाशीत नाही.

पण शरीर ऐकतंही. 1990 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्वदीतल्या, अगदी अशक्त लोकांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपण मात्र 22 व्या वर्षी लिफ्ट बंद असली की तोंड वाकडं करतो.

रविवार, गारखेडा

तर आता दर रविवारी सकाळी मी आईसोबत गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलावर असते. हातात मोबाइल, त्यात स्टॉपवॉच. पहिल्या दिवशी ती ओढणी कमरेला बांधून पळाली. 22 सेकंद. म्हणजे 94 वर्षांच्या भगवानी देवींपेक्षा जेमतेम पावणेतीन सेकंद पुढे! ‘‘मग तू पळून दाखव,’’ म्हणाली. पळाले. 21 सेकंद आणि त्यानंतर दहा मिनिटं गवतावर आडवी.

कुणी हसलं का? हो, दोन पोरं हसली. तिसऱ्या रविवारी त्यातल्याच एकानं येऊन विचारलं, ‘‘काकू, स्टार्ट कसा घ्यायचा सांगू का?’’ आता तो तिला पुढचा पाय कुठे ठेवायचा, हात कसे मारायचे ते शिकवतो. परवा 20 सेकंद झाले.

तुमच्याही घरी असं कुणी असेल. जुन्या सर्टिफिकेटची फाइल कपाटात वर कुठंतरी असेल. विचारून बघा. तुमच्या आईबाबांचं वय मास्टर्समध्ये म्हातारं धरत नाहीत. फक्त फॉर्म भरण्याआधी नीट चौकशी करा. मास्टर्सच्या नावाखाली वेगवेगळ्या संघटना स्पर्धा घेतात. स्पर्धा कुणाची, पुढे निवड कशी होते, फी कशाची, हे आधी विचारा. प्रवास आणि राहण्याचा खर्च बहुतेक वेळा खेळाडूलाच करावा लागतो, तोही हिशेबात धरा. ही कामं आपल्याला चांगली जमतात.

मागच्या रविवारी परत येताना मी शेवटी विचारलंच, ‘‘आई, दहावीनंतर का सोडलंस?’’

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘सोडलं कुठं? कुणी विचारलंच नाही परत.’’

पुढच्या महिन्यात तिची पहिली शर्यत आहे. लेन अजून ठरलेली नाही, पण तिला चार नंबर हवाय. शाळेत तोच असायचा म्हणे. त्या दिवशी माझा इंटर्नल पेपर नाहीये, हे मी तीनदा चेक केलंय.